टिळकवाडीतलं घर मी नको म्हणाले

बेळगावात नोकरी लागली तेव्हा माझ्यासमोर दोन घरं होती. त्यातलं एक मी निवडलं. नवऱ्याने जबरदस्ती केली नाही, सासूने तर नाहीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचा दोष कुणाच्या तरी माथी मारायला मी बरेच दिवस माणसं शोधत होते.

मी लॅब टेक्निशियन. खानापुरातल्या एका लहान लॅबमध्ये नऊ वर्षं लोकांची रक्तं तपासली. ती लॅब बंद पडली आणि बेळगावच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मला जागा मिळाली. आमचं गाव गुंजी स्टेशनपासून पायी अर्ध्या तासावर. दोन महिने मी गाडीने जाऊन-येऊन बघितलं. सकाळी आठला हजर व्हायचं आणि गाडीच्या वेळा, यांचा काही मेळ बसेना. शेवटी शहरात खोली घ्यायचं ठरलं.

नवरा सैन्यात, तेव्हा लांब उत्तरेकडे होता. मुलगी धारवाडला हॉस्टेलात शिकत होती. मग बाई एकटी शहरात कशी राहणार, असा प्रश्न घरात निघाला. दीर, जाऊ, चुलत सासरे सगळे ओसरीवर बसले आणि आत्तींनी माझ्यासोबत जायचं असं ठरवून उठले. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्तीच म्हणतात. त्यांचे गुडघे गेले होते आणि मी लागले त्याच हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर होता, त्यामुळे सगळ्यांना ते फार सोयीचं वाटलं. त्या दिवशी आत्ती आत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पहिलं घर टिळकवाडीतलं. एका जुन्या बंगल्याच्या मागे तळमजल्यावर दोन खोल्या. हॉस्पिटल तिथून दहा मिनिटांवर, चालत. पुढच्या खोलीचं दार सरळ गल्लीत उघडत होतं आणि दाराला बसण्याजोगी रुंद पायरी होती. स्वयंपाकघराची खिडकी मात्र कंपाउंडच्या भिंतीवर. भर दुपारी ट्यूब लावावी लागायची. मालकीणबाई वकिलाच्या पत्नी, बोलायला नीट, पण पाहुणे किती येतात, कपडे कुठे वाळत घालणार, पाणी किती लागतं, सगळं विचारून घेणाऱ्या. आणि त्याच गल्लीच्या टोकाला माझ्या नवऱ्याची मावसबहीण राहायची. तिच्या तोंडातून गोष्ट सुटली की गुंजीच्या गाडीआधी गावात पोचायची.

दुसरं घर शहर संपल्यावर, खानापूर रस्त्यावरून आत, भाताच्या शेतांत नवीनच उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटमध्ये. चौथा मजला. दोन बेडरूम, पांढऱ्या फरशा, स्वयंपाकघराला मोठी खिडकी आणि बाल्कनीतून थेट डोंगरापर्यंत हिरवं. सोळा फ्लॅटपैकी सहाच भरले होते. बिल्डरच्या माणसाने जिन्याने वर नेलं आणि लिफ्टच्या बंद दारावर थाप मारून म्हणाला, "पुढच्या महिन्यात चालू होणार मॅडम. काम झालंय, नुसतं सर्टिफिकेट यायचंय."

मी त्या स्वयंपाकघरात उभी राहिले. ओट्यावर हात ठेवला. अठरा वर्षं मी सासरच्या चुलीपाशी नऊ माणसांत स्वयंपाक केला होता. माझ्या हाताने बंद होईल आणि माझ्याच हाताने उघडेल असं दार मला आयुष्यात मिळालं नव्हतं. इथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. मला तेच पाहिजे होतं.

आत्तींना दोन्ही घरं दाखवली. म्हणजे टिळकवाडीचं दाखवलं. अपार्टमेंटच्या वेळी त्या खाली रिक्षातच बसल्या, कारण चार मजले चढवणार कोण?

"ते गल्लीतलं बरं हाय की गं," त्या म्हणाल्या. "पायरीवर बसलं तर माणसं दिसत्यात."

"आत्ती, तिथं उजेड न्हाय. कोंदट वास येतोय. हितं बघा, वारं किती हाय."

"वारं काय, शेतात बी हुतं," एवढंच म्हणाल्या आणि पदर सारखा केला.

रात्री फोनवर नवरा म्हणाला, "तुला पटंल ते कर. मी काय तिथं ऱ्हानार हाय?"

मी अकरा महिन्यांचा करार केला.

संक्रांतीनंतर सामान आणलं. दिराने आत्तींना वर चढवलं. एक प्लास्टिकची खुर्ची सोबत घेतली होती. दर वळणावर ती ठेवायची, आत्तींनी बसायचं, दम खायचा, पुन्हा उठायचं. पाऊण तास लागला. वर आल्यावर त्यांनी बाल्कनीतून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "आता मला एकदम लिफ्ट चालू झाल्यावर उतरवा."

पुढचा महिना गेला, त्याच्या पुढचाही गेला. हाडांच्या डॉक्टरकडे जाणंही तसंच राहिलं. बिल्डरच्या माणसाला फोन केला की तो न चुकता एकच सांगायचा, "आठ-पंधरा दिवस मॅडम."

मी सकाळी पावणेसातच्या बसने जायची. ती चुकली की पुढची तासाने. संध्याकाळी परत यायला साडेसहा. शहरात राहायला आले म्हणता म्हणता गुंजीहून जाण्या-येण्याइतकाच माझा वेळ जाऊ लागला. आत्ती दिवसभर एकट्या. सकाळी मी भाकरी-भाजी करून झाकून ठेवायची. संध्याकाळी बघावं तर अर्धी भाकरी तशीच. "एकट्यानं गिळवंत न्हाय," म्हणायच्या. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी आलो' असंच बोलतात. मीही तोंडाने तसंच बोलते, फक्त लिहिताना शाळेतली भाषा येते. तर आत्ती म्हणायच्या, "मी काय भुकेनं मरतो व्हय? तू जा बिनघोर."

त्यांना एक सवय होती. जिन्यात पावलं वाजली की दार उघडायचं. गावात आमच्या घराचं दार दिवसभर उघडंच असतं, येणारा-जाणारा हाक मारूनच जातो. मार्चमधल्या एका दिवशी पावलं वाजली म्हणून त्या दार उघडून बाहेर आल्या. वर टाकी बघायला कुणीतरी चाललं होतं. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून पॅसेजमध्ये आल्या, आणि वाऱ्याने दार आपटलं. नाईट लॅचचं कुलूप आपोआप लागलं. तो माणूस टाकी बघून कधी उतरून गेला तेही त्यांना कळलं नाही. शेजारचा फ्लॅट रिकामा, खालच्यांकडे जावं तर जिना उतरायची भीती. मी आले तेव्हा त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. दुपारी बारापासून.

"बसून पाय दुखलं की हुबं ऱ्हायलो. हुबं ऱ्हाऊन दुखलं की बसलो," म्हणाल्या. हसल्या सुद्धा. त्यांचं लुगडं ओलं झालं होतं. ते मी धुतलं.

त्यांच्या गळ्यात किल्ली बांधली. पण त्या कुलपाला दार आपल्याकडे ओढून किल्ली फिरवावी लागते. त्यांच्या बोटांना ते जमेना. आठवडाभर शिकवलं. दार उघडू नका असं सांगून बघितलं. तरी पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं. या वेळी तीन वाजल्यापासून.

मग मी बाहेरून कुलूप लावायला लागले. किल्ली दोनदा फिरवली की ते आतूनही उघडत नाही.

मी त्यांना विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लाव की. मी कुटं जातो आता?" पण विचारलं तेव्हा माझ्या पायांत चपला होत्या, खांद्याला पर्स होती आणि बस सुटायला बारा मिनिटं उरली होती.

त्यानंतर हॉस्पिटलात दिवसभर ती किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात असायची. रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधताना, शीर चाचपताना वाकलं की मांडीला टोचायची. मी ती डाव्या खिशातून उजव्या खिशात घालायची. बरोबरच्या मुली डबे उघडून गप्पा मारायच्या, सासवांच्या तक्रारी करायच्या. "तुमचं बरं, तुमची सासू काही बोलत नाही," म्हणायच्या. मी हं म्हणायची. दुपारी दोनला घरात बंद असलेली बाई काय करत असेल हे डोळ्यांसमोर यायचं. बाल्कनीच्या जाळीला धरून उभी असेल. चौथ्या मजल्यावरून माणसं दिसतात, पण ओळखू येत नाहीत.

घर सोडावं असं मनात यायचं. पण कराराचे आठ महिने उरले होते. टिळकवाडीतल्या मालकीणबाईंना मी फोन केला, तर त्या म्हणाल्या, "ते कधीच गेलं हो. तुम्ही नको म्हणालात त्याच आठवड्यात." आणि गावी सांगायचं तोंड नव्हतं. सगळ्यांना मीच कौतुकाने बाल्कनीचे फोटो पाठवले होते.

पाण्याचा दिवस श्रावणातला. सोमवार होता, आत्तींचा उपास. सकाळी नळाला पाणी नव्हतं. टाकीचं काहीतरी काम चालू होतं. मी गेल्यावर त्यांनी न्हाणीघरात पाणी आलं का बघायला तो वर-खाली करायचा नळ उचलला. पाणी नव्हतं. तो तसाच उघडा राहिला. दुपारी जोरात पाणी आलं. नळ खाली दाबायला गेल्या तर तो हलेना. पाणी बादलीतून फरशीवर, न्हाणीघरातून खोलीत. त्यांनी दार ठोठावलं, ओरडल्या. तिसऱ्या मजल्यावर धारवाडकडच्या एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांच्या पलंगावर छतातून धार लागली तेव्हा त्या वर आल्या. दाराखालून पाणी येत होतं, आत म्हातारी ओरडत होती आणि दार बाहेरून बंद.

माझा फोन ड्रॉवरमध्ये होता. तासाभराने बघितला तर बिल्डरच्या माणसाचे अकरा कॉल. मी परत लावला. "मॅडम, तुम्ही आतलं माणूस लॉक करून गेलाय काय?"

रिक्षात मी काय विचार केला ते आठवत नाही. एवढं आठवतं की रेल्वे गेट पडलं होतं. मालगाडी संपता संपत नव्हती आणि मी रिक्षावाल्याला दोनदा म्हणाले, "अण्णा, दुसरा रस्ता न्हाय काय?" तो म्हणाला, "आता मागं बी जाता येत न्हाय आक्का. बघा की मागं."

चौथ्या मजल्यावर दहा-बारा माणसं उभी होती. पॅन्टचे पाय वर दुमडलेले, हातात खराटे. त्या इमारतीत एवढी माणसं राहतात हे मला त्या दिवशी कळलं. पाण्याचा कॉक कुणीतरी गच्चीवर जाऊन बंद केला होता. दार फोडायचं की काय यावर बोलणं चाललं होतं. मला बघून सगळ्यांनी वाट करून दिली. मी किल्ली काढली. ती भोकात घालून दोनदा फिरवायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारं माणूस आत, आणि भाईरनं कुलूप? आग लागली असती म्हंजे?"

दार उघडलं. आत्ती खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. दारापाशी त्यांनी आपली दोन लुगडी आणि माझी गोधडी बोळा करून लावली होती, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या माणसांकडे. आणि बोलल्या त्या माझ्याशी नाही, त्यांच्याशी.

"मीच लावाय सांगितलो कुलूप. माझंच ध्यान ऱ्हात न्हाय, दार उघडतो आन् भाईर अडकतो. तिला काय म्हनू नगा." मग हेच त्यांनी आपल्या बाजारातल्या मोडक्या कन्नडमध्ये पुन्हा सांगितलं, त्या शिक्षिकेसाठी.

लोक पांगले. मी पाणी काढत राहिले, संध्याकाळपर्यंत. आत्तींनी मला शिव्या घालाव्यात असं मला फार वाटत होतं. गावात त्या जावेला, मला, सगळ्यांना फाडून खायच्या. इथे आल्यापासून त्यांनी आवाज चढवला नव्हता. मी गोधडी पिळत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "पानी दारापत्तोर आलं आन् फटीतनं भाईर गेलं. मी म्हनलो, पान्याला तरी वाट घावली."

मी गोधडी तशीच टाकून न्हाणीघरात गेले आणि दार लावून घेतलं.

दिवे लागल्यावर खालच्या शिक्षिका वर आल्या. मला वाटलं, ओल्या गादीबद्दल बोलतील. त्यांनी हात पुढे केला. "एक किल्ली मला द्या," म्हणाल्या, कानडी हेल असलेल्या मराठीत. "मी दिवसभर घरी असते. इतके महिने तुम्ही वर आहात, एकदा तरी बेल वाजवायची होती."

मी किल्ली दिली. त्यांना आम्ही आक्का म्हणू लागलो. दुसऱ्या दिवसापासून त्या अकराच्या सुमाराला वर यायच्या, दार उघडायच्या आणि विचारायच्या, "ऊटा आतेनरी?" म्हणजे जेवण झालं का. आत्ती न जेवता थांबलेल्या असायच्या. आक्कांच्या ज्वारीच्या भाकरीबरोबर आत्ती माझी तांदळाची भाकरी खायच्या आणि संध्याकाळी मला सांगायच्या, "तुझी लई जाड हुतीया. तिची बघ." आवाज पुन्हा थोडा चढायला लागला होता.

गणपतीच्या आधी लिफ्ट सुरू झाली. पहिल्यांदा आत्ती तिच्यात पाऊल टाकेनात. आक्कांनी त्यांचा हात धरला, डोळे मिटायला सांगितले आणि खाली नेलं. आठ महिन्यांनी त्या मातीवर उभ्या राहिल्या. हे मी बघितलं नाही. मी ड्युटीवर होते. आक्कांनी सांगितलं. आत्तींनी चप्पल काढली म्हणे, आणि बराच वेळ वॉचमनच्या केबिनपाशी नुसत्या उभ्या राहिल्या.

मला मात्र ते घर असह्य झालं होतं. जिन्यात कुणी भेटलं की मी मान खाली घालायची. लोक विसरले असतीलही. मी त्या दारात किल्ली घातली की मला ते दहा-बारा चेहरे मागे उभे वाटायचे. बाल्कनीत मी कपडे वाळत घालायलासुद्धा थांबत नव्हते. दिवाळीनंतर एक दिवस टिळकवाडीतल्या मालकीणबाईंचा फोन आला. भाडेकरूची बदली झाली होती, घर रिकामं होत होतं. "तुम्ही मागे विचारलं होतंत म्हणून आधी तुम्हाला," त्या म्हणाल्या.

अर्धी रजा टाकून मी ते घर पुन्हा बघून आले. स्वयंपाकघर तसंच अंधारं. मावसनणंद गल्लीत भेटली, तिने तिथल्या तिथे तीन प्रश्न विचारले. मला काही वाटलं नाही. मालकीणबाईंना दोन दिवसांत कळवते म्हणाले. करार संपायला महिना उरला होता, सगळं जुळत होतं. बसमध्ये मी जागा मिळूनही बसले नाही.

आत्ती भाजी निवडत होत्या. मी चप्पल काढायच्या आधी सांगितलं.

"आत्ती, टिळकवाडीचं घर मिळालं. तुम्हाला आवडलं हुतं ते. पायरीवालं."

त्या मेथीची पानं खुडत राहिल्या. "कशाला?"

"कशाला म्हंजे? तुम्हाला हितं कोंडल्यागत हुतंय न्हवं?"

"हुतं तवा हुतं." त्यांनी काड्या बाजूला केल्या. "आता न्हाय हुत. खाली ती बाई हाय. तिचा एक गुडघा, माझं दोन. सकाळी आमी खाली जातो, भाजीवाला येतोय, बसतो. तिला कोन हाय? ल्योक परदेशात. मी गेलो तर तिला कोन?"

"आन् माझं काय? तासभर बसला लटकायचं, तासभर परत. मी तुमच्यासाठी म्हनून—"

"माझ्यासाठी न्हवं," त्या म्हणाल्या. रागाने नाही. "तुझ्या जिवाला टोचतंय म्हनून. तवा तुला हे पायजे हुतं, मी आलो. आता तुला ते पायजे, आता बी मी यायचं? मला इचारतीस तर मी न्हाय म्हंतो."

मी चप्पल काढली. आत्तींनी माझ्याकडे वर बघितलं आणि म्हणाल्या, "जा, पाय धू. चा ठेवलाय."

रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. "म्हातारीनं डाव टाकला," म्हणाला. मला हसू आलं नाही. ती डाव टाकत नव्हती. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं होतं आणि तिने उत्तर दिलं होतं. आता ते उत्तर मोडायचं धाडस माझ्यात नव्हतं. मनात आलं असतं तर मी मोडू शकले असते. नोकरी माझी, करार माझ्या नावावर. तरी नाही.

तिसऱ्या दिवशी बस स्टॉपवर उभी राहून मी टिळकवाडीला फोन लावला.

"पुन्हा नको?" मालकीणबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "का हो? घर पसंत नाही का?"

"घर पसंत आहे," मी म्हणाले.

"मग?"

बस येत होती. "बस आली," एवढं सांगून मी फोन ठेवला आणि चढले.

आता दुसरा करारही संपत आलाय. घरमालक विचारत होता, आणखी अकरा महिने करायचे का. आत्ती आणि आक्का खाली बसतात तिथे आता आणखी दोघी-तिघी असतात. सुट्टीच्या दिवशी मी वरून बघते. त्या बोलत असतात, कुठल्या भाषेत ते ऐकू येत नाही. हॉस्पिटलाजवळ एक लहान फ्लॅट आहे असं माझ्याबरोबरची एक मुलगी सांगत होती, पहिल्या मजल्यावर, लिफ्टसकट. पत्ता मी लिहून घेतलाय. आत्तींना अजून विचारलेलं नाही.